एप्रिलमधले मरु उद्यान: खानापूरकरांची फसगत

खानापूरच्या माणसाला घामाचे काय नवल, या समजुतीवर मी आणि माझे दाजी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जैसलमेरच्या राष्ट्रीय मरु उद्यानात गेलो, आणि ती समजूत पहिल्याच दुपारी मोडली. जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत ३१६२ चौरस किलोमीटर पसरलेल्या या उद्यानात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत; बाकी सगळा खडकाळ माळ, गवत आणि मधूनच एखादे खेजडीचे (शमीचे) झाड, म्हणजे सावलीच्या नावाने शून्य.

'उद्यान दाखवतो' असे सांगून ज्याने साडेतीन हजार ठरवले, त्या जीपवाल्याने आम्हांला जैसलमेरपासून चाळीस किलोमीटरवरच्या सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटांच्या रांगेपुढे नेऊन उभे केले. माळढोकाचे नाव काढताच सुदासरीसाठी, म्हणजे उद्यानातल्या माळढोकाच्या भागासाठी, आणखी दोन हजार मागितले. दाजींनी हुज्जत घालण्यात अकरा वाजवले आणि शेवटी पैसे दिलेच. तेव्हा भाडे ठरवतानाच 'सुदासरी' हा शब्द उच्चारावा, आणि वनखात्याचा परवाना आदल्या दिवशी जैसलमेरमध्येच काढून ठेवावा.

सुदासरीच्या अलीकडे जीप वाळूत रुतली. चाकांतली हवा थोडी कमी करावी, हे चालकाला तासाभराने सुचले. तोवर आम्ही चालू लागलो होतो. खरी फसगत इथे झाली. आपल्याकडे घाम टपकतो, सदरा पाठीला चिकटतो, म्हणून पाण्याची आठवण होते. तिथल्या कोरड्या वाऱ्यात घाम दिसण्याआधीच उडून जातो, आणि आपल्याला घाम येतच नाही असे वाटत राहते. दाजींच्या निळ्या सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले मला दिसले, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आलेले होते, आणि दोघांत मिळून पाणी होते दोन लिटर. माणशी पाच लिटर घ्यावे, त्यातल्या काही बाटल्यांत ओआरएस मिसळावे, तहानेची वाट न पाहता घोट घोट प्यावे आणि दहानंतर उघड्या माळावर पायी निघू नये.

चिंकारे दोन दिसले, माळढोक नाही. दुसऱ्या दिवशी जैसलमेरजवळच्या आकल जीवाश्म उद्यानात १८ कोटी वर्षांपूर्वीची, दगड झालेली झाडे पाहिली. ती ठीक आहेत.

एप्रिलमध्ये जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. मी डिसेंबरचे तिकीट पाहतो आहे. दाजींनी अजून होकार दिलेला नाही.