ए, बी, सी म्हणजे मार्क नव्हेत

परवा रात्री टेक्सासहून धाकट्याचा व्हिडिओ कॉल, म्हणे दादा मोटारहोम घेतोय, म्हणजे चाकांवरचं घर, क्लास ए घेऊ की सी? मी पटकन बोलून गेलो, घ्यायचीच तर ए घे, आपण काय पास क्लासवाले आहोत का. नंतर दोन रात्री यूट्यूबवर घालवल्या तेव्हा कळलं की या अक्षरांचा दर्जाशी संबंधच नाही, आणि साइजचा क्रमही नाही, कारण सगळ्यात मोठी ए, मधली सी आणि सगळ्यात छोटी बी. कोणी लावला हा क्रम देव जाणे.

डोक्यात बसलं ते आपल्या मुंबई-आग्रा रोडमुळे. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर चहाला थांबलं की कधीकधी नुसत्या चासी जाताना दिसतात बघा, ना टप ना दार, ड्रायव्हर तोंडाला गमछा गुंडाळून उघड्यावर बसलेला, थंडीत तर बघवत नाही. अशी चासी एसटीच्या दापोडी वर्कशॉपला गेली की तिच्यावर बस चढायची. क्लास ए म्हणजे हेच. इंजिन, चाकं, स्टिअरिंग फोर्ड नाहीतर फ्रेटलायनरचं, आणि वरचं अख्खं घर, पुढच्या भल्यामोठ्या काचेसकट, मोटारहोमवाल्याने बांधलेलं. मोठ्या तर 40-45 फुटांपर्यंत जातात, लालपरीपेक्षा लांब!

सी म्हणजे आयशरची केबिन तयार येते आणि मागची बॉडी आपण बाहेर बांधून घेतो ना, तसं. दारं, एअरबॅग सगळं मूळ कंपनीचं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पोटमाळ्यासारखा एक बेड, ज्यावरून पोरं भांडणार हे नक्की. पण याच पोटमाळ्याच्या जोडातून पावसाचं पाणी झिरपतं. म्हणून धाकट्याला सांगितलं, जुनी बघायला गेलास तर वर चढून पुढच्या कोपऱ्यात अंगठा दाबून बघ, प्लाय मऊ लागला की पुढे बोलूच नको, सरळ निघून ये.

बी म्हणजे आपली टेम्पो ट्रॅव्हलर आतून सजवल्यासारखी. मर्सिडीजची स्प्रिंटर नाहीतर फोर्डची ट्रान्झिट व्हॅन, पत्रा तोच, आत बेड, शेगडी आणि कपाटाएवढं बाथरूम. चालवायला कारसारखी, पण दोघांच्या वर माणसं झाली की एकजण उठल्याशिवाय दुसऱ्याला हलता येत नाही. आणि लहान आहे म्हणून स्वस्त असेल असं वाटतं ना? बऱ्याचदा सीपेक्षा महाग. फिफ्थ व्हील वगैरे, म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली, दुसऱ्या गाडीने ओढायची घरं, त्याला दणकट पिकअप लागतो, तो विषय आम्ही काढलाच नाही.

खरी मेख वेगळीच. ब्रोशरमध्ये लिहितात आठजण झोपतात, पण सीट बेल्ट मोजले तर सहा, मग उरलेल्या दोघांना काय टपावर बसवायचं? दाराजवळ एक स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं, आणि भरलेली पाण्याची टाकीपण त्यातच धरायची. 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो, म्हणजे मी आणि आमचा साडू. धाकट्याने हा स्टिकर बघितलाच नव्हता, सोफ्याचा रंग मात्र तोंडपाठ.

एवढ्यात किचनमधून बायको, "भाऊजी, ते सगळं ठीक आहे, पण संडासची टाकी कोण रिकामी करणार?" फोनवर एकदम शांतता. कारण खरंच टाक्या तीन असतात, चांगल्या पाण्याची, सांडपाण्याची आणि ती तिसरी, जी जाड पाइप लावून डंप स्टेशनवर, म्हणजे घाण सोडायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करावी लागते, हातमोजे घालून.

सध्या ठरलंय असं की विकत घेणं लांबणीवर, आम्ही मे महिन्यात गेलो की आठवडाभर सी भाड्याने घ्यायची. तिसऱ्या टाकीचं काय म्हणून विचारलं तर म्हणतो, दादा, थोरल्यांचा मान असतो ना पहिला.