काम डाऊन

सी, ए, एल, एम. यातला एल मुका, उच्चार 'काम'. नववीच्या वर्गाला हे सांगितलं की शेवटच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, मग काम डाऊन म्हणजे काम बंद का?" अठ्ठावीस वर्षं अमळनेरात इंग्रजी शिकवलं. हा प्रश्न आला नाही असं एकही वर्ष आठवत नाही. आला नसता तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

परवा भाचा पुण्याहून आला. ट्रॅव्हल्समधून उतरला तो डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. आजीसाठी साखरेविना बिस्किटं आणि माझ्यासाठी कॉफीचा लाल कप, त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'कीप काम अँड कॅरी ऑन'. कंपनीत सगळ्यांना वाटले म्हणे. कोणती कंपनी ते राहू द्या. कप वाटले त्याच महिन्यात त्याच्या टीममधली चार माणसं कमी केली.

या वाक्याची गोष्ट मजेची आहे. १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर आलेलं असताना, ब्रिटिश सरकारने लोकांना धीर द्यायला हे पोस्टर छापलं. सुमारे साडेचोवीस लाख प्रती. पण ते फारसं कुठे लावलंच नाही आणि बराचसा गठ्ठा पुढे रद्दीत लगद्यासाठी गेला. २००० साली इंग्लंडातल्या जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात एक प्रत सापडली, मालकांनी ती दुकानात लावली, आणि तिथून ते वाक्य जगभरच्या कपांवर चढलं. म्हणजे बाँबच्या भीतीवर काढलेलं औषध युद्धात वापरलंच नाही, ते आता सोमवारच्या मीटिंगवर देतात.

आईने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. तिच्या कानाला जे ऐकू यायचं तेच आलं. "मंग, तेच करनं शे ना जलमभर," म्हणाली आणि शेंगा सोलायला लागली.

दुपारी भाच्याला मी या शब्दाचं मूळ सांगितलं. ते मला नोकरी लागल्यावर एका जाड कोशात सापडलं होतं आणि तेव्हापासून हा शब्द मला आपल्याकडचाच वाटतो. ग्रीक भाषेत 'काउमा' म्हणजे होरपळ, रणरणतं ऊन. तो लॅटिनमध्ये गेला, इटालियन-फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत आला. वाटेत त्याचा अर्थ उन्हावरून उन्हाच्या वेळच्या विसाव्यावर सरकला आणि तिथून सगळ्याच स्तब्धतेवर.

हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. खानदेशातल्या माणसाने मे महिन्यात दुपारी दोन वाजता खिडकीची फळी थोडी उघडून बघावं, बस. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालणाऱ्या बाया पहाटे अंधारात उठून सकाळी नऊच्या आत मोकळ्या झालेल्या, गच्चीवर नुसते बिबडे वाळतायत. दुकानांची शटरं अर्धी खाली. हापशाखालच्या ओल्या मातीत कुत्रं पोट टेकून पडलेलं. भांडखोर शेजारीण गप्प. कुलरच्या वाळ्याचा वास आणि घरघर, आणि लाइट गेली की तीही नाही. ही शांतता कुणी ध्यान करून मिळवलेली नाही. उन्हानेच सगळ्यांना दंडाला धरून खाली बसवलंय.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, कापसाचे शेतकरी. सोसायटीचं कर्ज, बियाण्याची उधारी, दोन मुलींची लग्नं, काळजीला तोटा नव्हता. पण बारा ते चार निंबाखाली बाज, तोंडावर ओला पंचा. त्या वेळात कुणी कसलाही घोर घेऊन आलं तरी पंच्याखालून एवढंच यायचं, "बठ. ऊन उतरू दे." येणारा बसायचा. ऊन उतरल्यावर कर्ज तेवढंच असायचं, पण तोवर माणूस चार तास आडवा झालेला असायचा.

'सिरीन' या शब्दाचं मात्र माझं पटलं नाही. कॉलेजात सरांनी सांगितलं, मूळ अर्थ निरभ्र, ढग नसलेलं आकाश. म्हणून प्रसन्न, निश्चिंत मन. वहीत लिहून घेतलं. त्याच जुलैत घरी आले तर पेरणी होऊन पंधरा दिवस पाऊस नव्हता. वर निळंशार, स्वच्छ, अगदी सिरीन आभाळ. दादा बांधावर उभे राहून त्याच्याकडे बघत होते. जेवायला बोलावलं तरी आले नाहीत. दुबार पेरणी करावी लागली त्या साली. ज्याने हा शब्द निश्चिंत मनाला लावला, त्याच्या घरी कोरडवाहू नसणार.

भाचा मात्र 'चिल' पिढीचा. काहीही विचारा, "फुई, मी एकदम चिल आहे." मी म्हटलं, तुमच्या शब्दांत सगळा गारठाच. 'नॉनशलांट', म्हणजे बेफिकीर, तोसुद्धा मुळात 'न तापलेला'. लॅटिनमधला 'तापणे' घेतला आणि पुढे नकार लावला. म्हणजे एक शब्द उन्हातून निघाला, दुसरा ऊन नाकारून, आणि दोघे कोशात एकाच खणात. आपल्याकडे माणूस थंड आहे म्हटलं तर सोयरीक मोडते. (तरी 'थंड डोक्याने घे' हेही आपणच म्हणतो. भाषा काही हिशेबाची वही नाही.)

'वरी', म्हणजे काळजी, हा शब्द सांगितला तेव्हा तो जरा गप्प झाला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गळा आवळणे. कुत्रं मेंढ्यांच्या मागे लागून लचके तोडतं, त्याला अजूनही हाच शब्द वापरतात. "गळाच," तो म्हणाला, आणि शर्टाचं वरचं बटण उघडं असूनही हात तिथे नेला. मग बोलला थोडं. फ्लॅटचा हप्ता, पुढची यादी कधी निघेल याचा नेम नाही, रात्री दोनला उठून मेल बघतो. मी सल्ला दिला नाही. शिक्षकाला ते जड जातं.

तेवढ्यात लाइट गेली. वायफाय गेलं, त्याच्या मोबाइलला घरात रेंज धड नसतेच. दोन-तीनदा दारापर्यंत जाऊन आला, चटका बसला, परत फिरला. शेवटी आईनेच कोपऱ्यातली चटई पायाने उलगडली आणि पंचा माठाखालच्या पाण्यात बुडवून, पिळून त्याच्या अंगावर टाकला. शहाबादी फरशीवर तो एक वाजता पडला, सव्वापाचला उठला. गालावर चटईचे वळ. "फुई, किती वाजले?" म्हणाला, आणि मोबाइल कुठे ठेवला ते त्याला आठवेना.

संध्याकाळी कळण्याची भाकरी आणि भरीत. उन्हाळ्याचं वांगं, हिवाळ्यातल्याची सर नाही, पण तीन भाकरी खाल्ल्या. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेला.

लाल कप आईने ठेवून घेतला. रात्री त्यात तिची कवळी असते.