सर्किट बोर्ड (पीसीबी) काढायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

मी विकलेला पहिला बोर्ड १२५ बाय ९० मिमीचा होता, सोसायटीच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर, आणि मी वापरायचो त्या ईगल नावाच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत मर्यादा ८० चौरस सेंटिमीटरची, म्हणजे बसतच नव्हता. तीन रात्री दाबून दाबून बसवायला बघितलं, शेवटी रिले आणि ट्रान्सफॉर्मर इतके आत सरकले की २३० व्होल्टचा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची पट्टी, कंट्रोलर चिपच्या पिनांना खेटून जायला लागला, तेव्हा हात थांबवला. फुकटात बसावं म्हणून मेन्सचं, म्हणजे त्या २३० व्होल्टचं, अंतर कमी करायचं हे मनाला पटेना. तिथून मी कायकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर आलो आणि परत गेलो नाही.

ईगल वाईट होतं असं अजिबात नाही हं, निम्मी विद्या मी त्यातच शिकलो. जर्मनीतल्या कॅडसॉफ्टने १९८८ मध्ये आणलेलं, २०१६ मध्ये ऑटोडेस्कने घेतलं, पुढच्या वर्षी ते वर्गणीवर गेलं आणि २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ७ जून २०२६ पासून विक्री आणि सपोर्ट बंद. ज्यांचे पंधरा-वीस वर्षांचे बोर्ड त्यात आहेत त्यांना विचारा याचा अर्थ काय होतो. कारण बोर्ड एकदा काढला की संपला असं नसतं ना, चार-पाच वर्षांनी एखादा आयसी (चिप) बाजारातून गायब होतो, गिऱ्हाईक म्हणतं तसाच्या तसा अजून पन्नास नग द्या, आणि जुनी फाईल उघडावीच लागते. म्हणून आता मला कोणी विचारलं तर मी फीचर नंतर बघतो, आधी एवढंच बघतो की ही फाईल दहा वर्षांनी माझी मला उघडता येईल का.

कायकॅड इथे जिंकतं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या ज्याँ-पिएर शारास या प्राध्यापकाने १९९२ मध्ये सुरू केलं, नंतर सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेच्या लोकांनी हात लावला, ट्रॅक ओढताना बाजूचे ट्रॅक आपोआप सरकतात ते त्यांचंच काम. फाईल साध्या मजकुराची, नोटपॅडमध्येही उघडते. बोर्डाच्या आकाराला मर्यादा नाही, पैसे नाहीत, आणि ईगलच्या एक्सएमएल फाइल्सही घेतं. माझे जुने बोर्ड आले, फक्त कॉपरचे भराव (तांब्याने भरलेले मोठे भाग) परत तपासावे लागले. आवृत्ती ९ पासून डीआरसीमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आपोआप नियम-तपासणीत, क्रीपेजही बघता येतं, म्हणजे मेन्स आणि १२ व्होल्टच्या मधे बोर्डाच्या पृष्ठभागावरून किती मिमी आहे ते. माझ्यासारख्या पंपवाल्याला ही फार मोठी गोष्ट आहे.

पण सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, लायब्ररीवर, म्हणजे त्यातल्या पार्टांच्या तयार आकृत्यांवर, डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मी एकदा बीसी५४७ या ट्रान्झिस्टरसाठी घाईत ईबीसी (एमिटर, बेस, कलेक्टर) क्रमाचं सिम्बॉल उचललं, आणि त्याचे पाय आहेत सीबीई. डीआरसी स्वच्छ, गर्बर, म्हणजे कारखान्याला द्यायच्या फाइल्स, स्वच्छ, पंचवीस बोर्ड आले. सोल्डरिंग करणाऱ्या ताईंनी सिल्कस्क्रीनवर, म्हणजे बोर्डावरच्या छपाईत, जशी सपाट बाजू छापली होती तसेच ट्रान्झिस्टर बसवले, त्यांची काहीच चूक नव्हती, आणि एकही रिले नीट ओढेना. नशीब की उलटा फिरवला की क्रम बरोबर जुळत होता, पण पंचवीस बोर्डांवरचे ट्रान्झिस्टर काढून फिरवण्यात अख्खा रविवार गेला. तेव्हापासून प्रत्येक पार्टची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडून पाय मोजतो आणि तपासलेले फुटप्रिंट (पार्टचे पाय बोर्डावर कुठे बसतात त्याची आखणी) त्या प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये ठेवतो.

बाकीच्यांचं थोडक्यात. ईझीईडीए पहिल्या बोर्डाला खरंच सोपं आहे, पार्ट शोधला की फुटप्रिंटसकट समोर येतो आणि तिथूनच चीनला ऑर्डर जाते, पण आपण त्यांच्या दुकानाला बांधले जातो. प्रोटियस कॉलेजात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम चालवून बघायला छान, लेआउटसाठी मी ते कधी निवडणार नाही. अल्टियमची किंमत माझ्यासारख्याच्या आवाक्यातली नाही, पण मोठ्या कंपनीत डिझाइनची नोकरी करायची असेल तर शिकाच, तिथे बऱ्याच ठिकाणी तेच विचारतात.

माझा पुतण्या डिप्लोमाला आहे, मागच्या महिन्यात विचारायला आला, काका कशावर सुरू करू. त्याला कायकॅड टाकून दिलं आणि म्हटलं, बाबा, पहिला बोर्ड फॅबला, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला, पाठवायच्या आधी ए-फोर कागदावर शंभर टक्के स्केलने प्रिंट काढ. परवा आला होता, कागद थर्माकोलवर चिकटवून त्यात रिले आणि टर्मिनल टोचलेले. टर्मिनलचे पाय ५.०८ मिमीवर होते आणि त्याने फुटप्रिंट घेतला होता ३.५ चा. म्हणाला, काका हे बसत नाहीये, आणि लगेच लॅपटॉप उघडून बदलायला बसला.