एमओटीत गाडी नापास झाली तर रीटेस्टचं गणित

युकेत नवीन आलेल्या आपल्या लोकांना एमओटी (गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी) म्हणजे आपल्याकडची पीयूसीच वाटते, कारण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी हमखास तसंच सांगितलेलं असतं. पीयूसीला काय, सायलेन्सरमध्ये नळी घातली की कागद हातात. इथे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, सीटबेल्ट, काचा, वायपरचं पाणी, नंबरप्लेट, सगळं बघतात, गाडी रॅम्पवर चढवून खालून टॉर्च मारून बघतात. गाडी ३ वर्षांची झाली की मग दरवर्षी हे आलंच. (नॉर्दर्न आयर्लंडचा कारभार वेगळा आहे, तो सोडून देते.)

तर यंदा माझी गाडी नापास झाली. डावीकडचा ब्रेक लाइट बंद, आणि मागच्या उजव्या चाकाची स्प्रिंग तुटलेली. ब्रेक लाइटचं समजू शकते, आपण ब्रेक दाबून बसलेलो असतो, मागे कोण बघणार. पण स्प्रिंग तुटली आणि गाडी चालवताना काहीच कळलं नाही हे मला पटेना, म्हणून टेस्टरने मला रॅम्पजवळ नेऊन दाखवलं. सगळ्यात खालचा वेढा तुटून तुकडा खोबणीतच बसलेला होता, आणि तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजून तपकिरी तर अर्धा अजून चकचकीत. म्हणजे चीर जुनी होती, पूर्ण तुटली अलीकडे. हिवाळ्यात बर्फ होऊ नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात ते खाली जाऊन बसतं, आणि वरून खड्डे. हो, खड्डे इथेही आहेत, नगरच्या आत्याला अजून खरं वाटत नाही.

आता मुद्द्याचं. नापास झाल्यावर मिळणारा कागद नीट वाचायचा. मे २०१८ पासून दोषांचे प्रकार केलेत: डेंजरस, मेजर, मायनर, आणि मग ॲडव्हायजरी, म्हणजे "याच्यावर लक्ष ठेवा" अशी नुसती सूचना. पहिल्या दोघांपैकी एक जरी असला तरी नापास, मायनर आणि ॲडव्हायजरीवर पास होते. डेंजरस लिहिलं असेल तर गाडी तिथून चालवत न्यायचीच नाही, टो करा नाहीतर तिथेच दुरुस्त करा, कारण पकडलं तर २,५०० पौंडांपर्यंत दंड, लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट, वर लायसन्सही जाऊ शकतं. फक्त मेजर असेल आणि जुन्या एमओटीची मुदत बाकी असेल तर गाडी नेता येते, पण गाडी रस्त्यावर चालण्याच्या लायकीची असली पाहिजे हा कायदा काही सुटत नाही, तेव्हा "अजून तीन आठवडे आहेत ना" म्हणून वीकेंडला लेक डिस्ट्रिक्टला निघू नका. मुदत संपलेली असेल तर फक्त दुरुस्तीला किंवा आधी बुक केलेल्या टेस्टला न्यायची परवानगी.

रीटेस्टचे पैसे लागणार की नाही हे गाडी कुठे दुरुस्त करता आणि कधी परत आणता यावर आहे, आणि इथेच लोक गोंधळतात. जिथे टेस्ट केली तिथेच दुरुस्तीला ठेवली आणि १० वर्किंग डेजच्या आत रीटेस्ट झाली, तर फुकट. गाडी बाहेर नेली आणि पुढचा वर्किंग डे संपायच्या आत परत आणली, तर ठराविक गोष्टींसाठी फुकट: दिवे, इंडिकेटर, टायर, वायपर, आरसे, हॉर्न, सीटबेल्ट वगैरे. स्प्रिंग त्या यादीत नाही. मग १० वर्किंग डेजच्या आत आणली तर अर्धी फी, आणि त्याच्या पुढे गेलात की पुन्हा पूर्ण टेस्ट, पूर्ण फी. कारला ती जास्तीत जास्त ५४.८५ पौंड.

मी गाडी नेली होती कौन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) टेस्ट सेंटरला. ही टिप इथल्या जुन्या लोकांची: कौन्सिलवाले त्यांच्या स्वतःच्या गाड्यांसाठी सेंटर चालवतात, पब्लिकच्या गाड्याही तपासतात पण दुरुस्ती करत नाहीत, म्हणजे नापास करून त्यांना काही मिळत नाही. टिप खरी आहे, पण तिची दुसरी बाजू कुणी सांगत नाही, की तिथे दुरुस्तीला गाडी ठेवताच येत नाही, म्हणजे फुकट रीटेस्टचा मुख्य रस्ता बंद. नुसता ब्रेक लाइट असता तर बल्ब बदलून दुसऱ्या दिवशी फुकटात काम झालं असतं. स्प्रिंगमुळे अर्धी फी भरली. तरीही मी पुढच्या वर्षी तिथेच जाणार, कारण आधीच्या एका गॅरेजने (नाव नको) एमओटी स्वस्तात करून नंतर असं बिल काढलं होतं की ती अर्धी फी मला चिल्लर वाटते.

बाबांना फोनवर सांगितलं तर ते लगेच "अगं, मग परत पासिंगला एजंट किती घेतो?" त्यांचा टेम्पो होता, दर पासिंगच्या आधी रंग, रिफ्लेक्टर, ताडपत्री, सगळी धावपळ त्यांनी केलीय. म्हटलं बाबा, इथे एजंटच नाही. "मग गाडी पास कशी होते?" म्हणाले. त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

स्प्रिंग ओळखीच्या गॅरेजमध्ये टाकून घेतली. मागच्या दोन्ही बदलल्या, कारण एक नवी एक जुनी ठेवली तर गाडी एका बाजूला बसते असं गॅरेजवाल्याचं म्हणणं, आणि ते मला पटलं. रीटेस्टला पूर्ण गाडी पुन्हा तपासत नाहीत, नापास झालेलं तेवढंच बघतात, बसून चहा पिऊन होईस्तोवर झालं. मुळात एमओटी लवकर बुक केली होती म्हणून हे सगळं निवांत जमलं. मुदत संपायच्या एक महिना वजा एक दिवस आधीपासून पास करून घेता येते आणि पुढच्या वर्षीची तारीख तीच राहते, म्हणजे मुदत २० नोव्हेंबरला संपत असेल तर २१ ऑक्टोबरपासून. शेवटच्या दिवशी नेऊन नापास झाली तर गाडी घरासमोर उभी करून बसने ऑफिसला जा.

नापास करणंच चूक आहे असं वाटलं तर व्हीटी१७ फॉर्म भरून डीव्हीएसएकडे (एमओटीवर देखरेख करणारं सरकारी खातं) अपील करता येतं, १४ वर्किंग डेजच्या आत, पण मग दुरुस्तीला हात लावायच्या आधी सेंटरवाल्यांशी बोलायचं, नाहीतर दाखवणार काय.

आणि हो, हे नापास होणं सरकारी वेबसाइटवर कायमचं दिसतं, नंबरप्लेट टाकली की कुणालाही. सेकंडहँड घेताना मी आधी तेच उघडते, २००५ पासूनचं मिळतं, मायलेजसकट. एकदा नापास होऊन लगेच पास झालेल्या गाडीची मला भीती वाटत नाही, तीच ॲडव्हायजरी चार वर्षं ओळीने दिसली की मात्र मी गाडी बघायलाही जात नाही. माझ्या नव्या सर्टिफिकेटवर पुढच्या दोन्ही टायरची ॲडव्हायजरी आहे, लिमिट १.६ मिमीची आणि ते जेमतेम वर आहेत, तर कुणाला चांगला टायरवाला माहीत असेल तर खाली लिहा, रविवारी उघडा असला तर उत्तम.