हातासरशी

आत्या लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आली ती 160 चौरस फुटांच्या खोलीत. सासूसासरे, दोन दीर, पुढे तीन मुलं. मे महिन्यात आम्ही टपकलो की दहा डोकी सहज व्हायची. पण त्या खोलीत ‘कात्री कुठंय?’ असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही. कात्री शिलाई मशीनच्या डाव्या खणात. तिथं नसेल तर कुणाच्या तरी हातात.

माझं घर त्या खोलीच्या जवळजवळ चौपट आहे. घरात तीन कात्र्या आहेत. परवा दुधाची पिशवी मी दातांनी फोडली.

आत्याचा एक लाडका शब्द होता, हातासरशी. हातासरशी कप विसळ. हातासरशी टॉवेल दोरीवर टाक. मी मोरीकडे निघालो की मागून आवाज यायचाच, “रिकाम्या हाताने काय जातोस? ते ताट ने की!” सकाळी अंथरुणं उचलल्याशिवाय चहाला बसायला जागाच नसायची. गाद्यांची चळत खाटेवर गेली, वर चादर पडली, की दुपारी पाहुण्यांना टेकायला तोच लोड. हे कुणाच्या शिस्तीचं कौतुक नाही. गर्दीच्या लोकलमध्ये दारातला हलला नाही तर आतला उतरू शकत नाही, तसलाच तो प्रकार.

अर्थात पोटमाळ्याची गोष्ट वेगळी. पुनर्विकासासाठी खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा मी मदतीला गेलो होतो. एकात एक बसवलेले श्रीखंडाचे डबे निघाले. मिक्सर केव्हाच गेलेला, त्याचं भांडं निघालं. लग्नपत्रिकांचा तर गठ्ठा होता, कारण प्रत्येकीवर गणपती, मग टाकणार कशी? 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा ‘आता मिळायच्या नाहीत’ म्हणून जपलेल्या पिशव्यांचं एक गाठोडंही होतं. आत्या म्हणाली, “असू दे, लागतील.” लागल्या. पोटमाळ्यावरचं सामान त्यांतच भरून खाली आणलं.

घरी आल्यावर मला हुरूप आला. खण लावायला प्लॅस्टिकचे सहा डबे आणले. आज त्यातले तीन रिकामे आहेत आणि त्यांना ठेवायला जागा नाही. नवा शर्ट आला की एक जुना बोहारणीला द्यायचा, हा नियम दोन शर्ट टिकला. (बोहारीणही हल्ली महिनोन्‌महिने फिरकत नाही, हे माझ्या बाजूने सांगायला हवं.) दाराशी खुंटी ठोकली, तिने मात्र किल्लीचा प्रश्न सोडवला. आणि आत्याचं ते रिकाम्या हाताने न जाणं. त्याला वेगळा वेळ काढावा लागत नाही, म्हणून बहुधा टिकलं. स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठलो की टेबलावरची एक तरी वस्तू माझ्याबरोबर प्रवास करते. रविवारी आवरायचं म्हणून आठवडाभर साठवलेला पसारा मात्र रविवारी पाहुणे आले की जसाच्या तसा बेडरूममध्ये जातो. दार लावलं की झालं.

वरळीत नव्या घरांच्या पहिल्या 556 किल्ल्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या, त्यात आत्याची एक. पाचशे चौरस फूट, दोन बेडरूम, घरातच संडास. त्या संडासाचं अप्रूप तिने मला आधी दाखवलं, खिडकीतली मुंबई नंतर. मग आम्ही हॉलमध्ये चहा घेतला. मी सवयीने कप उचलायला गेलो, तर तिने माझा हात धरला. स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, दोन्ही गुडघे चोळले आणि कप सोफ्याच्या कडेला सरकवला. तिथं सकाळचा एक आधीच होता.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “उठेन तेव्हा नेईन.”