वाटपाचा दावा: हुकूमनाम्यापासून सातबाऱ्यापर्यंत

वाटपाच्या दाव्याचा निकाल बाजूने लागला की घरचे पेढे वाटतात. पण त्या दिवशी हातात येतो तो प्राथमिक हुकूमनामा. कोणाचा हिस्सा किती, एवढंच त्यात असतं. विहिरीकडची बाजू कोणाला, रस्त्यालगतचा तुकडा कोणाला, यातलं काहीही त्यात नसतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडिलोपार्जित शेतजमिनीत मुलगी म्हणून हिस्सा मागताना मी या वाटेने शेवटपर्यंत गेले आहे. दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल असं जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

सुरुवात कागदांपासून. आजचा संगणकीय सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) एवढ्यावर भागत नाही. वकिलाकडे जाण्याआधी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने हस्तलिखित सातबारे आणि त्या गटावरचे सगळे फेरफार यांच्या नकला काढाव्यात. आजोबांच्या किंवा वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारस फेरफार सर्वात मोलाचा. अनेक जुन्या फेरफारांत थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं दिसतात, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणींची नावं वारस म्हणून फेरफारात असतात, पण सातबाऱ्यावर ती इतर हक्कांच्या रकान्यात ढकललेली असतात. जमीन एकत्र कुटुंबाची होती आणि भाऊ ती सर्वांच्या वतीने पाहत होता, हे ती तीन अक्षरं सांगतात. पुढे भावाने ‘ही माझी स्वतःची’ असा पवित्रा घेतला, तर पहिलं उत्तर इथेच मिळतं. नुसत्या फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौर निकालात स्पष्ट केलं आहे. तलाठ्याकडे नाव नाही म्हणून हक्क संपला, असं समजू नये.

वंशावळ शपथेवर द्यावी लागते. मयत भावाची बायको-मुलं, मयत बहिणीचे वारस, आई, सगळे पक्षकार झालेच पाहिजेत. एक जरी सहहिस्सेदार राहिला, तर आवश्यक पक्षकार सामील नाही या एका मुद्द्यावर दावा लंगडा पडतो. मिळकतींचंही तसंच. गावठाणातलं घर, दुसऱ्या गावची जमीन, कुटुंबाच्या पैशातून एकाच्या नावावर घेतलेला प्लॉट, सगळं दाव्यात आलं पाहिजे, नाहीतर अंशतः वाटपाची हरकत येते. 2005 पूर्वी राहत्या घराचं वाटप मागायला मुलीला हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम 23 आड यायचं. ते कलम आता रद्द झालेलं आहे, तेव्हा घर वगळू नका.

दावा कुठे लावायचा, ते मूल्यांकनावर ठरतं. 5 लाखांपर्यंत दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, त्यावर वरिष्ठ स्तर. आकारणी होणाऱ्या, म्हणजे शेतसारा लागणाऱ्या, शेतजमिनीचं दाव्यापुरतं मूल्य बाजारभावाने धरत नाहीत, आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) पटीत धरतात. म्हणून लाखो रुपयांची जमीनही कनिष्ठ स्तराकडे बसू शकते. स्त्री पक्षकाराला मालमत्तेच्या वादात कोर्ट फी माफ करणारी शासनाची 1 ऑक्टोबर 1994 ची अधिसूचना आहे. तिची प्रत दाव्यासोबतच जोडावी, म्हणजे नोंदणी विभागाची हरकत आली तरी तिथल्या तिथे सुटते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि तिथे उत्पन्नाची अट लागत नाही.

दाव्यासोबत निशाणी 5 चा अर्ज द्यायचाच. तात्पुरत्या मनाईचा हा अर्ज बहुतेक दिवाणी दाव्यांत पाचव्या निशाणीला (कागदाच्या क्रमांकाला) लागतो, म्हणून कोर्टात सगळे त्याला ‘निशाणी पाच’च म्हणतात. दावा चालू असताना जमीन विकू नये, गहाण टाकू नये, एवढंच नेमकं मागावं. दुसऱ्याची वहिवाट बंद करा असं मागितलं, तर सहहिस्सेदारांत ते सहसा मिळत नाही आणि अर्ज उगाच कमजोर होतो. त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदवून घ्यावी. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 ला राज्याची दुरुस्ती आहे. त्यामुळे नोटीस नोंदवलेली नसेल तर मधेच खरेदी करणारा ‘मला दावा माहीत नव्हता’ म्हणून उभा राहतो. हे काम लोक सर्वात जास्त टाळतात आणि सर्वात मोठं नुकसानही इथेच होतं.

समन्स बजावल्यावर प्रतिवादीने 30 दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते, न्यायालय ती मुदत 90 दिवसांपर्यंत वाढवतं. त्यानंतरही सबळ कारण दाखवलं तर कैफियत घेतली जाते, म्हणून ‘विना कैफियत’ आदेशावर फार विसंबू नये. तारखा, रोजनामा (त्या तारखेला काय झालं याची नोंद) आणि आदेश ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर क्रमांकाने, म्हणजे प्रकरणाच्या सोळा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाने, पाहता येतात. प्रत्येक तारखेनंतर रोजनामा वाचायची सवय लावून घ्या. दाव्यादरम्यान कोणी पक्षकार वारला तर 90 दिवसांत त्याचे वारस लावण्याचा अर्ज गेला पाहिजे, नाहीतर त्याच्यापुरता दावा आपोआप संपुष्टात येतो.

आता कैफियतीत हमखास येणारे बचाव. पहिला, ‘हिचं लग्न 1994 च्या आधी झालं, हिला हक्क नाही.’ याचं मूळ महाराष्ट्राच्या स्वतःच्या दुरुस्तीत आहे. 22 जून 1994 पासून राज्याने मुलींना सहदायिकीत, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मजात हिश्शात, हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती आली आणि तिच्यात लग्नाची अट नाही. ती नेमकी कोणाला लागू, यावर मुंबई उच्च न्यायालयातच मतभेद झाले. 2012 च्या वैशाली गनोरकर निकालातला अर्थ 2014 मध्ये पूर्णपीठाने बद्रीनारायण भंडारी प्रकरणात फिरवला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 2015 च्या प्रकाश विरुद्ध फुलवतीत 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात हवेत असं म्हटलं, तर 2018 च्या दनम्मा निकालाचा सूर वेगळा लागला. शेवटी 11 ऑगस्ट 2020 ला तीन न्यायमूर्तींनी विनिता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा प्रकरणात गाठ सोडवली. मुलीचा हक्क जन्माने आहे, वडील 2005 मध्ये हयात असण्याची गरज नाही. प्राथमिक हुकूमनामा झालेला असला तरी अंतिम व्हायचा बाकी असेल, तर मुलींचे हिस्से नव्याने धरायचे, असंही त्यात आहे. जुना दावा धूळ खात पडला असेल तर वकिलाला हाच मुद्दा आधी दाखवा.

दुसरा बचाव तोंडी वाटपाचा. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेलं वाटप किंवा विक्री कायद्याने शाबूत ठेवली आहे, म्हणून जो तो त्याआधीची तारीख सांगतो. विनिता शर्मा निकालाने इथे दार जवळपास बंद केलं आहे. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा हवा; तोंडी वाटप फक्त अपवाद म्हणून, तेही सरकारी दस्तांचा भक्कम आधार असेल तरच. उलटतपासणीत विचारायचं ते साधं आहे: वेगळी पीकपाहणी कधीपासून, वेगळं कर्ज कोणत्या सोसायटीचं, वेगळा फेरफार कोणता?

तिसरा बचाव नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा, आणि हा खरोखर जड जातो. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो. ‘फक्त वारस नोंदीसाठी सही हवी’ असं सांगून निबंधक कार्यालयात नेलं जात असेल, तर दस्ताचं शीर्षक वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही देऊ नका.

हिश्शाचं गणित कसं बदललं, ते सांगलीच्या दिवाणी न्यायालयातून सुरू झालेल्या एका दाव्यावरून कळतं. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हा सर्वोच्च न्यायालयाचा 1978 चा निकाल. वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली असं कुटुंब. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं मानून वडील, आई आणि दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव हिस्सा धरला. मग वडिलांचा पाव हिस्सा सहा वारसांत वाटला. आईला सात चोविसांश मिळाले, प्रत्येक मुलीच्या वाट्याला एक चोविसांश. आज तेच कुटुंब घेतलं तर आधी सात सारखे भाग होतात, वडिलांचा भाग सहा जणांत जातो आणि प्रत्येकाला सहावा हिस्सा येतो. सहा एकर जमीन असेल तर जिथे मुलीला दहा गुंठे मिळायचे, तिथे पूर्ण एकर मिळतो. आणि वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल व मृत्युपत्र नसेल, तर 1956 पासूनच मुलगा-मुलगी सारखे वारस आहेत. तिथे या वादात शिरायचीच गरज नाही.

प्राथमिक हुकूमनाम्यातला हिस्सा चुकला असं वाटत असेल तर तेव्हाच अपील करावं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 97 मुळे नंतर, अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात, तो प्रश्न काढता येत नाही. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज टाकावा. दुसरं अपील उच्च न्यायालयात, 90 दिवसांत, आणि ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. साक्षीदार खोटं बोलला, हे तिथे चालत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे इथल्या पक्षकारांची मुंबईची फेरी वाचली.

यानंतरचा टप्पा सर्वात दुर्लक्षित. घर आणि बिगरशेती मिळकतीचं वाटप कोर्ट कमिशनर करतो. आकारणी होणाऱ्या शेतजमिनीचा हुकूमनामा मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा लागतो. तो आपोआप निघेल या भरवशावर अनेक घरं वर्षानुवर्षं थांबतात. अंतिम हुकूमनाम्याची कार्यवाही न्यायालयाने स्वतःहून पुढे न्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये शुभकरण बुबना प्रकरणात सुचवलं आणि 2022 मध्ये कट्टुकंडी निकालात तसे निर्देशच दिले. तरी आपला अर्ज जाऊ द्यावा. जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रकरण तहसीलदारांकडे येतं, तिथून भूमी अभिलेखकडे मोजणीला. तीनही ठिकाणचा आवक क्रमांक लिहून ठेवा. प्रत्येक टेबलावर तोच विचारतात.

मोजणीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहावं. वाटप सरस-निरस मानाने व्हायचं असतं, म्हणजे काळी आणि माळ, पाणी आणि कोरडवाहू यांचा तोल राखून. विहीर, बोअर, पाईपलाईन आणि वाट यांचे हक्क वाटप तक्त्यात शब्दांत लिहून घ्या, कारण नकाशात फक्त रेघा येतात. हिस्सा प्रमाणभूत क्षेत्राखाली जात असेल, म्हणजे जिरायत 20 गुंठे किंवा बागायत 10 गुंठ्यांहून कमी, तर तुकडेबंदी कायद्याच्या कलम 8अअ प्रमाणे तुकडा पाडता येत नाही आणि त्याबदली पैशात भरपाई मिळते. लहान गट अनेक असतील तर प्रत्येक गटात हिस्सा मागण्यापेक्षा एका गटात एकवट मागणं शहाणपणाचं. ही सूचना वाटप तक्ता मंजूर व्हायच्या आधी लेखी द्यावी लागते.

ताबा पावतीवर चतुःसीमा, क्षेत्र आणि उभं पीक कोणाचं, हे वाचूनच सही करावी. मग फेरफार नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि 15 दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. नवा सातबारा हातात आला की क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) आणि आकार यांची बेरीज मूळ गटाशी जुळवून पाहा. लेखनातली चूक असेल तर महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज चालतो. त्यासाठी पुन्हा कोर्टात जावं लागत नाही.