पेशंट कोण?

पुण्यात सिंहगड रस्त्यावर माझं मेडिकल आहे. पावसाळा लागला की आमच्याकडे जुलाबाचा सीझन सुरू होतो. त्यात जानेवारी २०२५ मध्ये किरकटवाडी, नांदेडगाव भागात गुलेन बारे या नसांच्या आजाराची साथ आली, तेव्हापासून पोटात जरा गुरगुरलं तरी लोक धावत येतात. त्यांचंही चूक नाही. त्या साथीत अनेकांना आधी जुलाबच झाले होते आणि काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला होता.

मागणी मात्र ठरलेली असते: प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी पडणारे जिवंत जंतू. कुणी 'ते चांगले जंतू' मागतं, कुणी 'दह्याच्या गोळ्या', कुणी पाच मिलीची प्लॅस्टिकची बाटली बोटांनी दाखवतं. ओआरएस स्वतःहून मागणारा विरळाच. पुडी स्वस्त, म्हणून तिला कुणी औषधच समजत नाही.

एका संध्याकाळी ऐन गर्दीत एक पंचविशीचा मुलगा आला. मोबाइलवर बोलार्डीच्या सॅशेचा फोटो. "काका, हे दहा द्या. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकूंनी सांगितलंय."

सॅकॅरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे. आंरी बुलार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ते इंडोचायनात शोधलं. तिथे कॉलऱ्यात लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पीत, त्या सालींवर. बॅक्टेरिया मारणारं अँटिबायोटिक यीस्टला काही करत नाही, म्हणून अँटिबायोटिकने लागलेल्या जुलाबात डॉक्टर ते बऱ्याचदा लिहून देतात. मी बॉक्स काढला आणि सवयीने विचारलं, "पेशंट कोण?"

"आई. केमो चालू आहे तिची."

बॉक्स तसाच हातात राहिला. "शेवटची केमो कधी झाली?"

"मागच्या आठवड्यात."

"औषधासाठी शिरेत नळी बसवलीये का?"

"हो, दंडात. पिक लाइन. सिस्टर येऊन ड्रेसिंग बदलून जाते."

"आणि ताप?"

"सकाळपासून कणकण आहे. पण काका, हे नॅचरलच असतं ना?"

गर्दी जरा बाजूला सारली आणि त्याला समजावलं. सॅशे फाडलं की बारीक पूड उडते, बोटांना चिकटते. त्याच बोटांनी कुणी नळीच्या टोपणाला हात लावला, की ते जिवंत यीस्ट थेट रक्तात. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी असल्या पाहुण्याला उभं करत नाहीत, पण केमोनंतर त्याच पेशी ढासळलेल्या असतात. अशा पेशंटच्या रक्तात हे यीस्ट वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणूनच युरोपात नळी असलेल्या, फार आजारी किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला बोलार्डी देऊ नये, असं औषधाच्या माहितीतच लिहावं लागतं. आपल्याकडे बरीचशी प्रोबायोटिक्स अन्नपदार्थाच्या परवान्यावर विकली जातात. चिठ्ठी लागत नाही, विचारणारं कुणी नाही. मला हे पटत नाही.

"मग जुलाब थांबायची गोळी तरी द्या."

तीही दिली नाही. ताप असताना आतडं बांधून टाकायचं की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. "फाइलवर हॉस्पिटलचा नंबर असेल बघ, आत्ता लाव." त्याने घरी फोन करून बहिणीला ताप मोजायला लावला. १०१. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी आकडा ऐकताच सांगितलं, घेऊन निघा. पांढऱ्या पेशींचे काउंट खाली असताना आलेल्या तापात पेशंट पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. मी ओआरएसची पुडी दिली. "उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात अख्खी पुडी. वाटेत घोट घोट पाज. ग्लासात अर्धी टाकून चालत नाही."

काउंट खरोखरच फार कमी निघाले. बाई काही दिवस ॲडमिट होत्या, मग सुखरूप घरी आल्या.

पुढे एकदा मुलगाच आला आणि म्हणाला, "म्हणजे काका, हे सगळं थोतांडच ना?" थोतांड नाही, पण कुणाला आणि कशासाठी, हे बघावं लागतं. लहान मुलाला उलट्या-जुलाब असले तर आधी ओआरएस आणि चौदा दिवस झिंक. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात अशा मुलांवर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत प्रोबायोटिकने काही फरक पडला नव्हता. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबात मात्र काही जातींचा उपयोग दिसतो.

हल्ली माझा प्रश्न गिऱ्हाइकांना खटकतो. परवा एक आजोबा भडकले. "पेशंट कोण, वय काय, घरी कोण कोण असतं! स्थळ बघताय का?" पेशंट तेच होते. दाढ काढली होती, ॲमॉक्सिक्लॅव्ह हे अँटिबायोटिक चालू होतं आणि पोट बिघडलं होतं. दिवसातून किती वेळा, रक्त पडतं का, ताप आहे का, सगळं विचारलं. तसलं काही नव्हतं. लॅक्टोबॅसिलस या चांगल्या बॅक्टेरियाच्या कॅप्सूल दिल्या आणि म्हटलं, अँटिबायोटिकसोबत गिळू नका, नाहीतर ते यांनाच मारेल. मध्ये दोन तास जाऊ द्या. जुलाब वाढले तर दाताच्या डॉक्टरांना कळवा.

"दोन तास आधी की नंतर?"

"नंतर."

"मग तसं पाकिटावर लिहून द्या. आणि वेळ घाला, मी साडेआठला जेवतो."